भाजीला निघालेली माणसं

नगररचनेच्या बैठकीत लोकांच्या आरोग्याचा विषय निघाला, की चर्चा हमखास जॉगिंग ट्रॅक आणि ओपन जिमवर येऊन थांबते. प्रभागाच्या निधीतून उद्यानात रंगीत यंत्रं बसतात, फीत कापली जाते आणि व्यायामाची सोय झाली असं सगळे धरून चालतात. मी पुण्यात आणि आसपासच्या शहरांत रस्त्यांच्या, सार्वजनिक जागांच्या आराखड्यांचं काम करते. अभियंते, ठेकेदार, दुकानदार आणि रहिवासी यांच्या मधोमध उभं राहून करायचं हे काम आहे. ते करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं. गावाला चालतं ठेवणारी माणसं व्यायामाला बाहेर पडलेली नसतात. ती भाजीला निघालेली असतात, पोराला शाळेत सोडायला निघालेली असतात, बँकेत पासबुक भरायला, देवळात, शिवणाच्या क्लासला, बसथांब्यावर निघालेली असतात. त्यांना चालण्याचं महत्त्व सांगायला जावं लागत नाही. त्यांचं चालणं मोडणार नाही याची काळजी आराखडा करणाऱ्याने घ्यायची असते, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त कमी पडतो.

या मताला मला आधार मिळाला तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियॅब’ अभ्यासातून. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. पाहणीतल्या निम्म्याहून जास्त लोकांची शारीरिक हालचाल अपुरी निघाली. ही बातमी वर्तमानपत्रांत आली. माझं लक्ष मात्र दुसऱ्या आकड्याने वेधून घेतलं: मोकळ्या वेळात खेळ किंवा व्यायाम म्हणून काही करणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे ट्रॅक आणि यंत्रं यांवर आपण जो पैसा लावतो, तो या थोड्या लोकांसाठी. उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या अंगाला जी काही हालचाल होते, ती घरात, कामावर आणि रस्त्यावर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. दिवसाकाठी ती वीस-बावीस मिनिटं होतात. मंडई घरापासून पाऊण किलोमीटरवर असेल आणि पाय जरा उचलून टाकले, तर जाऊन येण्यातच तेवढी होतात.

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये ही जवळीक कुणी ठरवून केलेली नाही. नारायण, शनिवार, कसबा, बुधवार या पेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी, दोन वळणांवर शाळा, तालीम, देऊळ, आणि जवळच एकोणिसाव्या शतकात बांधलेली मंडई अशी सगळी रचना पायी माणसाच्या बेताने वाढली. आज तिथे दुचाकींची इतकी दाटी आहे की फूटपाथ शोधावा लागतो, तरी सत्तरीतली माणसं पिशवी घेऊन रोज बाहेर पडताना दिसतात. कारण प्रत्येक काम हाकेच्या अंतरावर आहे आणि दर पन्नास पावलांवर ओळखीचा माणूस ओट्यावर बसलेला आहे. उपनगरांत गणित उलटं झालं. शेतजमिनी विकल्या गेल्या, प्रत्येक सर्व्हे नंबरवर एकेक गृहसंकुल उभं राहिलं, प्रत्येकाने चारी बाजूंनी भिंत घातली आणि या भिंतींच्या मधून 18, 24, 30 मीटरचे डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातले रस्ते, गेले. रस्ता रुंद आणि सरळ, त्यामुळे गाड्या सुसाट. दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर चालणाऱ्या बाईच्या सोबतीला एकही उघडं दुकान नाही.

अशाच एका उपनगरातल्या 24 मीटर रस्त्याचं काम माझ्याकडे आलं. रस्त्याला फूटपाथ होता; कागदोपत्री दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर. तरीही सगळे लोक फूटपाथच्या खालून, डांबरावरून चालत होते. मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या वेळी उभं राहून लोक कसे चालतात याच्या रेघा नकाशावर मारल्या. कोण कुठे खाली उतरतं, कुठे थांबतं, कुठून रस्ता ओलांडतं. एक आजी रोज सकाळी देवळात जायच्या. मी त्यांना विचारलं, “आजी, फूटपाथवरून का नाही जात?” त्या म्हणाल्या, “बाळा, तो चढायचा का उतरायचा? दर घराशी खाली उतरा, परत वर चढा. गुडघे राहतील का माझे?”

आजींचं म्हणणं मापात तंतोतंत उतरत होतं. त्या फूटपाथची उंची काही ठिकाणी फुटाच्या आसपास होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत कर्बची, म्हणजे फूटपाथच्या काठाची, उंची 150 मिलिमीटरच्या वर नसावी असं सांगितलेलं आहे; जेमतेम जिन्याची एक पायरी. शिवाय प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी फूटपाथ तोडून रस्त्याच्या पातळीला आणला होता, गाडी बाहेर काढताना धक्का बसू नये म्हणून. दोन फाटकांच्या मध्ये उरलेल्या तुकड्यावर कुठे विजेचा फीडर पिलर, कुठे उघडं चेंबर, कुठे जाहिरातीचा खांब. दोन मीटरच्या फूटपाथवर सलग मोकळी वाट हातभरसुद्धा नव्हती. मार्गदर्शिकेत ती किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंचीपर्यंत मोकळी असावी असं लिहिलंय. या दोन आकड्यांसाठी मी आयुष्यातला बराच काळ भांडले आहे आणि पुढेही भांडेन. दोन माणसं शेजारी शेजारी बोलत जाऊ शकली, तरच चालण्याला सोबत मिळते, आणि सोबत असली की माणूस दुसऱ्या दिवशीही निघतो.

कामावरचे कनिष्ठ अभियंता मनाने चांगले होते. “मॅडम, फूटपाथ उंच केला नाही तर गाड्या चढतात,” असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. उंच फूटपाथ बांधणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण गाडी अडवायला केलेली उंची आधी आजींना अडवते. आम्ही उंची उतरवली आणि कडेला बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावले, व्हीलचेअर जाईल पण चारचाकी जाणार नाही अशा अंतरावर. दुचाकी त्यातून जातेच. ती थांबवायला माझ्या मते एकच उपाय खात्रीचा आहे, फूटपाथवर माणसांची वर्दळ असणं. म्हणून भाजीवाल्या मावशी आणि इस्त्रीवाले आराखड्यात ठेवावेत असा माझा आग्रह होता. त्यांना चालण्याच्या वाटेवरून बाजूला घेऊन, झाडं आणि दिव्यांचे खांब येतात त्या पट्ट्यात जागा दिली. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे, पण अजूनही कित्येक आराखड्यांत त्यांची नोंद ‘अतिक्रमण’ अशीच होते. रात्री आठ वाजता कोपऱ्यावर भाजीच्या हातगाडीचा दिवा लागलेला असणं ही त्या रस्त्यावरून एकट्या येणाऱ्या मुलीसाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या मुलीला विचारावं.

फाटकांचा प्रश्न आम्ही उलटा सोडवला. फूटपाथ सलग, एकाच पातळीत ठेवला आणि गाडीने छोट्या उतारावरून त्यावर चढून पलीकडे जायचं. चढउतार गाडीने करावा, तिला इंजिन आहे. सोसायट्यांच्या अध्यक्षांना हे पटवायला वेळ लागला. कुणी म्हणालं, गाडीचा खालचा भाग घासेल. मग आम्ही एका फाटकाशी उतार करून त्यांच्याच गाड्या त्यावरून नेऊन दाखवल्या. कोपऱ्यांवरची गोलाईही कमी केली. वळण मोठं आणि सैल असलं की गाडी वेग न उतरवता वळते. ते आवळलं की चालक ब्रेक मारतो, आणि ओलांडणाऱ्याचं अंतरही कमी होतं. नकाशावर ही रेघ इकडची तिकडे सरकवण्याइतकीच गोष्ट, पण माझ्या कामातली सगळ्यात जास्त समाधान देणारी.

रस्ता ओलांडण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण चालणारा माणूस हरतो तो इथे. त्या 24 मीटर रस्त्यावरच्या चौकात डांबराची रुंदी 18 मीटर होती. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात, म्हणजे 15 सेकंद. आजींचा वेग मोजला तर 0.8 च्या आसपास. त्यांना 22 सेकंदांहून जास्त लागणार. पंधराव्या सेकंदाला हिरवा माणूस गेला की त्या अजून गाड्यांच्या लेनमध्येच उभ्या, आणि दोन्हीकडून हॉर्न. असा अनुभव एकदा आला की माणूस त्या चौकात परत जात नाही. पलीकडचं देऊळ, पलीकडची भाजी, पलीकडची मैत्रीण, सगळं त्या दिवसापासून लांब पडतं. घरचे म्हणतात, आई हल्ली फारशी बाहेर पडत नाही, वय झालं. चौकातल्या सात सेकंदांकडे कुणाचं लक्ष जात नाही. आम्ही ओलांडण्याची जागा फूटपाथच्या पातळीत उचलून घेतली, मध्ये थांबायला दीड-दोन मीटरचं बेट ठेवलं आणि सिग्नलची वेळ म्हाताऱ्या माणसांच्या चालीने मांडली. वाहतुकीच्या बाजूने विरोध झाला. रांगा लागतील, असं सांगितलं गेलं. पण 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच, रस्त्याच्या जागेची वाटणी वाहनांना नव्हे, माणसांना केंद्रस्थानी ठेवून करावी असा स्पष्ट विचार मांडलेला आहे. ते पान मी बैठकीला बरोबर नेत असे.

सगळं एकदम बांधून टाकण्याआधी आम्ही ते खडू, रंग, शंकू आणि बॅरिकेड वापरून रस्त्यावरच मांडून बघितलं होतं. ही पद्धत मला फार आवडते. कागदावरचा आराखडा लोकांना कळत नाही, आणि कळत नाही म्हणून भीती वाटते. रस्त्याकडेचं पार्किंग काढायला मेडिकलवाल्या काकांचा विरोध कडक होता. “पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक येणार कुठून?” त्यांच्याच दुकानाशी उभं राहून आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कसे आलात? बहुतेक जवळच्या सोसायट्यांतले, पायी आलेले किंवा दुचाकीवर. चारचाकीतून येणारे मोजकेच, आणि दुकानासमोर दिवसभर उभी असलेली गाडी होती शेजारच्या दुकानदाराची. काका काही बोलले नाहीत, पण पुढच्या बैठकीत त्यांनी हरकत घेतली नाही.

काम झाल्यानंतर पहिल्याच वर्षी कुठल्याशा केबलसाठी फूटपाथ खणला गेला आणि पेव्हर ब्लॉक जसे हाती आले तसे परत टाकले गेले. केबल ओढायला खालून डक्ट ठेवलेला होता, पण तो उघडून बघण्याची तसदी कुणी घेतली नाही. असं झालं की जीव तुटतो. अर्ध्या इंचाची पातळी चुकली की काठीचं टोक अडकतं आणि माणूस पडतो, आणि साठीनंतर एकदा पडलेल्या माणसाचं चालणं कित्येकदा तिथेच संपतं. माझ्या मते देखभालीचा पैसा हाच आरोग्याचा पैसा आहे, आणि अंदाजपत्रकात तो सगळ्यात आधी कापला जातो.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने फूटपाथ रुंद केला, बसायला बाकं आणि मुलांना खेळायला जागा केली. ते काम माझं नाही, पण मी तिथे मुद्दाम जाऊन बसते. संध्याकाळी बसलेल्यांमध्ये म्हातारी माणसं किती आहेत हे बघण्यासारखं आहे. चालण्याच्या आराखड्यात बाक कशाला, असं मला अनेकदा विचारलं जातं. सांधे दुखणारा माणूस दोनशे मीटरनंतर बसायला मिळेल या भरवशावरच घरून निघतो. दोन बाकांमधलं अंतर म्हणजे त्याच्या चालण्याची मर्यादा. बाक, सावली आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी नकाशावर टिंबाएवढ्या दिसतात, पण घरातून कोण बाहेर पडणार आणि कोण नाही हे त्याच ठरवतात. लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, रस्ता गाड्यांना बंद असतो. त्या दिवशीची गर्दी बघितली की लोकांना चालायचं नसतं हे म्हणणं टिकत नाही. कोलंबियाच्या बोगोटात 1974 पासून ही प्रथा आहे, तिथे रविवारी शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते पायी आणि सायकलवाल्यांना मोकळे करतात. एका दिवसाचा उत्सव आणि आठवड्याची सवय यांतलं हे अंतर मला आपल्याकडे कापलेलं बघायचंय.

टेकड्यांबद्दलही माझं एक म्हणणं आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई हे पुण्याचं भाग्य आहे आणि रोज पहाटे हजारो माणसं तिथे चढतात. पण सहा वाजता पायथ्याशी जा, गाड्या लावायला जागा नसते. त्यांतले कित्येक जण दीड-दोन किलोमीटरवरून आलेले असतात. तेवढं अंतर ते चालू शकत नाहीत असं नाही, टेकडी तर ते चढतातच. मधला रस्ता चालण्याजोगा नाही. अंधार, भटकी कुत्री, भरधाव डंपर, ओलांडायला जागा नाही. टेकडीचं आरक्षण वाचवण्यासाठी पुणेकर जितक्या जोमाने उभे राहिले, तितक्याच जोमाने पायथ्यापर्यंतच्या वाटेसाठी उभे राहिले तर किती गाड्या घरी राहतील.

आता भिंतीची गोष्ट. एका मोठ्या गृहसंकुलाच्या मागच्या भिंतीला लागून शाळा होती. भिंतीतून गेलं तर दीडशे मीटर. मुख्य फाटकातून बाहेर पडून, हमरस्त्याने वळसा घालून गेलं तर किलोमीटरच्या वर. साहजिकच सगळी मुलं व्हॅनकाकांबरोबर जात होती आणि शाळेच्या तोंडाशी सकाळी व्हॅन, रिक्षा आणि दुचाक्यांचा असा गुंता व्हायचा की जी थोडी मुलं पायी येत, त्यांच्या आयाही घाबरून गाडी काढू लागल्या. मुलांना रोज तासभर हालचाल हवी असं डॉक्टर सांगतात, आणि आपण त्यांना दीडशे मीटरवरच्या शाळेत व्हॅनमध्ये बसवून नेतो.

मागच्या भिंतीत एक छोटं फाटक करावं असं मी सोसायटीच्या सभेत मांडलं. बाहेरचे लोक आत शिरतील, चोऱ्या होतील, वॉचमनचा खर्च कोण देणार, असे मुद्दे आले. एका सदस्याने तर फ्लॅटची किंमत उतरेल असं सांगितलं. मी नकाशे, अंतरं, वेळा सगळं दाखवलं, पण विषय हलला तो आयांमुळे. एक ताई उठून म्हणाल्या, “व्हॅनचे पैसे मी भरते, ट्रॅफिकमध्ये मी अडकते, मग मुलाला खेळायला न्यायला परत मीच. फाटकाला उभं राहायची पाळी लागली तर मी राहीन.” त्यांच्यामागे आणखी चार-पाच जणी उभ्या राहिल्या. शेवटी शाळा भरताना आणि सुटताना ठरावीक वेळ फाटक उघडायचं, आया पाळीपाळीने थांबणार आणि महिनाभराने परत चर्चा, असं ठरलं.

त्या महिन्यात जे झालं ते कुठल्याही आराखड्यात लिहिता येत नाही. मुलं घोळक्याने जायला लागली. पोचवायला आलेल्या आया आणि आजोबा पलीकडे गप्पा मारत थांबायला लागले, तिथून काही जणी तशाच मंडईला पायी जाऊ लागल्या. फाटकापलीकडे एका मावशींनी पालेभाजीची पाटी मांडली. परत चर्चा झाली तेव्हा विषय निघाला तो फाटक बंद करण्याचा नव्हे, संध्याकाळीही उघडं ठेवण्याचा. खर्च किती? एक लोखंडी फाटक आणि थोडा वॉचमनचा वेळ.

पण प्रत्येक भिंतीसाठी अशी सभा घेत फिरणं हे नगररचनेचं काम नव्हे. हे लेआउट मंजूर होतानाच ठरायला हवं. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडायला आपले नियम लावतात, ती बहुतेक वेळा भिंतीच्या आत, रहिवाशांच्या लॉनमध्ये जाते. तिचाच एक पट्टा भूखंडाच्या आरपार सार्वजनिक पायवाट म्हणून घेतला, तर दर शंभर-सव्वाशे मीटरवर वाट मिळेल आणि शाळा, बसथांबा, वाणी सगळे जवळ येतील. महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावं अजून पूर्ण बांधली गेलेली नाहीत. तिथे भिंती उठण्याआधी हे करता येतं. प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक हरकती स्वतःच्या जमिनीवरचं आरक्षण उठवा अशा असतात. इथून शाळेपर्यंत पायवाट दाखवा, अशी सूचना मी फार क्वचित बघितली आहे, आणि जेव्हा आली तेव्हा नियोजन समितीपुढे ती हिरिरीने मांडली आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगे फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या अधिकाराचा भाग असल्याचं म्हटलं. अशी सूचना लिहिणाऱ्याला आता हा मोठा आधार आहे.

सध्या माझ्या टेबलावर एका भाजी बाजाराभोवतीच्या रस्त्यांचं काम आहे. फूटपाथची रुंदी मंजूर झाली, बाकं झाली, झाडं वाचली. अडलंय ते बायकांचं स्वच्छतागृह. नकाशावर त्याची जागा पुन्हा पुन्हा सरकवली जाते, आधी चौकातून गल्लीत, गल्लीतून बाजारामागे, जिथे संध्याकाळी कुणी जाणार नाही. शेजारचं उद्यानही दुपारी कुलूपबंद असतं, नेमकं त्या वेळी जेव्हा घरकाम आटोपून बायकांना तास-दीड तास मोकळा मिळतो. स्वच्छतागृह नसल्यामुळे बाजारात बसणाऱ्या बायका सकाळपासून पाणी न पिता दिवस काढतात, आणि भाजीला येणाऱ्या मधुमेही आजी अर्ध्या वाटेतून परत फिरतात. पुढच्या बैठकीला मी त्या विक्रेत्या बायकांना बरोबर नेणार आहे. स्वच्छतागृह चौकातच हवं आणि उद्यान दुपारी उघडं हवं, हे त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.